हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढतो!

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे जुनी डिझेल पिकअप आहे. स्वतःच चालवतो, भाड्याने माल वाहतो. गेले काही आठवडे टेंपरेचरच्या काट्याने डोकं खाल्लंय. दिवसा तो निम्म्याच्या जरा वर असतो. अंधार पडल्यावर हेडलाइट लावले की लगेच चढतो, आणि त्यात ब्लोअर चालू केला तर पार लाल पट्टीला टेकतो. घाबरून गाडी बाजूला घ्यावी, बॉनेट उघडावं, तर ना वाफ, ना उकळल्याचा आवाज. कूलंटही जागच्या जागी. मेकॅनिकने सेन्सरची वायर काढली, काटा खाली आला. म्हणाला, सेन्सर गेला. नवा बसवला, फरक शून्य. मग थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच. आता तो म्हणतोय, अख्खा मीटर बदलू. डिझेलचा काटा मात्र नीट चालतो. बदलू का मीटर?
ता. क. : मधल्या काळात क्लचप्लेटचं काम सोडून गाडीला दुसरं काही केलेलं नाही.

उत्तर : मीटर बदलू नका. निदान आज तरी नको. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये ढकलली आहे, तिच्याकडे येतेच. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करू : इंजिन खरंच तापतंय, की नुसता काटाच चढतोय? हे काट्याला विचारून कळणार नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याचीच साक्ष काढण्यात काय अर्थ?

गाडी नेहमीसारखी चालवून गरम करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, म्हणजे तो पिस्तुलासारखा धरून लांबून तापमान दाखवणारा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, ज्या घरात बसतो त्या भागावर धरा. एक काळजी घ्या : तो भाग चकचकीत ॲल्युमिनियमचा असेल तर हे यंत्र चक्क खोटं सांगतं, खऱ्यापेक्षा खूपच कमी आकडा दाखवतं. चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूचीच परावर्तित करतो. म्हणून इंजिन गार असताना तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि नंतर त्या तुकड्यावर नेम धरा. पुष्कळ डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि त्यापुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो. त्यामुळे तिथे ८० ते ९५ असं काही दिसलं तर इंजिनाचं बरं चाललंय. काटा लाल पट्टीत आणि टेपवर ८५, असं असेल तर प्रश्न इंजिनाचा नाही, विजेचा आहे.

यंत्र नसेल तर हीटर लावा. काटा ‘एच’वर, म्हणजे गरमच्या टोकाला, आणि हीटरमधून गरम हवा नेहमीसारखी सलग येतेय, कूलंटही पुरेसं आहे, तर बहुधा काटा खोटा. काटा ‘एच’वर आणि हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली, तर मात्र तिथल्या तिथे इंजिन बंद करा. हीटरच्या जाळीपर्यंत कूलंट पोचत नाहीये, म्हणजे पाणी कमी झालंय, हवा अडकलीय किंवा पंप गेलाय. आणि कुठल्याही परिस्थितीत गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचं पाणी असू शकतं. झाकण सैल झालं की ते एकदम उकळून तोंडावर येतं.

आता तुमच्या काट्याच्या वागण्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, हेडलाइट लावले की ‘लगेच’ चढतो. या ‘लगेच’मध्येच अर्धं निदान झालं. इंजिनाचं लोखंड, ॲल्युमिनियम आणि त्यातलं कित्येक लिटर कूलंट हा सगळा ऐवज वीस अंशांनी तापायला वेळ लागतो. अवघड चढावर, भरल्या गाडीनेसुद्धा तो हळूहळू वर सरकतो. स्विच दाबल्या क्षणी उडी मारते ती वीज. कूलंट कमी असेल तर सेन्सरवरून बुडबुडे जाताना काटा खालीवर करतो हे खरं, पण बुडबुडे तुमच्या हेडलाइटच्या स्विचची वाट बघत बसत नाहीत.

जुन्या पिकअपमध्ये या काट्याचं सर्किट अगदी साधं असतं. चावी ऑन केली की मीटरला वीज मिळते, मीटरमधून एक वायर इंजिनावरच्या सेन्सरला जाते, आणि सेन्सरच्या पितळी आट्यांतून करंट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये उतरतो. सेन्सरला दुसरी वायर नसते. त्याची परतीची वाट म्हणजे ब्लॉक, आणि ब्लॉकपासून पुढे अर्थची पट्टी (अर्थ म्हणजे करंटची परतीची जोडणी). सेन्सरच्या आत एक थर्मिस्टर असतो. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. रेझिस्टन्स जितका कमी, तितका काटा वर.

इथे अर्थ म्हटलं की सगळे बॅटरीच्या निगेटिव्हकडे बघतात. पण चालू गाडीत सगळ्या दिव्यांना आणि ब्लोअरला करंट पुरवतो तो अल्टरनेटर, आणि तो बसलेला असतो इंजिनावर. हेडलाइटमधून गेलेला करंट बॉडीत उतरतो आणि बॉडीतून इंजिनाकडे परत येतो. या दोघांमधला पूल म्हणजे विणलेल्या तांब्याची ती चपटी पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर तरंगत असतं, बॉडीला त्याचा धड स्पर्श नसतो, म्हणून ही पट्टी लागते. ती गंजली, सैल झाली किंवा जागेवरच नसली, तर परतणाऱ्या करंटला आडवळणाने जावं लागतं आणि बॉडी व इंजिन यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो. इंजिन बॉडीपेक्षा अर्धा-एक व्होल्ट खाली जातं. मीटरची अर्थ बॉडीला आहे आणि सेन्सरची इंजिनाला. मीटरला एवढंच दिसतं की सेन्सरच्या वायरवरचं व्होल्टेज घसरलं. त्याच्या भाषेत याचा अर्थ एकच : इंजिन तापलं. दिवे जास्त, फरक जास्त, काटा वर. ब्लोअर लावला, आणखी वर. तुम्ही लिहिलंय ते तंतोतंत हेच.

डिझेलचा काटा शांत का, तेही यातच आलं. टाकीतल्या फ्लोटची अर्थ चेसिसला किंवा स्वतंत्र वायरने बॉडीलाच असते. तो आणि मीटर पुलाच्या एकाच बाजूला आहेत. दोन्ही काटे एकदम वर गेले असते तर मी मीटरच्या मागच्या अर्थवर किंवा जुन्या मीटरमधल्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर बोट ठेवलं असतं, कारण ते दोघांचं सामायिक असतं. एकटा टेंपरेचरचाच बिघडलाय, म्हणजे खोट मीटरच्या बाहेर असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आणि आता ता. क. क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. पुष्कळ गाड्यांत अर्थची पट्टी नेमकी गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगच्या एखाद्या बोल्टखाली असते. उतरवताना ती काढली जाते, चढवताना ती बोल्टखाली घालायची राहते. गाडी चालू होते, कुणाला पत्ता लागत नाही, कारण करंट एक्झॉस्टच्या क्लॅम्पमधून, गिअरच्या लिंकेजमधून, कुठून ना कुठून वाट काढतोच. कधीकधी तो ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर केबलचं आवरण गरम लागलं किंवा वितळलेलं दिसलं, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

तुमच्या मेकॅनिकने केलेली चाचणी चुकीची नव्हती, तिचा अर्थ अपुरा लावला. सेन्सरची वायर काढली आणि काटा ‘सी’वर, म्हणजे गारच्या टोकाला आला, यावरून एवढंच सिद्ध होतं की मीटरपासून तिथपर्यंतची वायर मध्ये कुठे ब्लॉकला घासून शॉर्ट झालेली नाही. सेन्सर खराब असला तरी काटा खाली येणार, अर्थ खराब असली तरी खाली येणार. दोन्हींत उत्तर तेच. मग बिचारा सेन्सर बदनाम होतो, कारण तो समोर दिसतो आणि सहज निघतो. पट्टी दिसत नाही.

पटवून घ्यायला सगळ्यात सोपा उपाय : जंपर केबल. इंजिन बंद ठेवून केबलचं एक टोक इंजिनावर स्वच्छ, रंग नसलेल्या जागी लावा, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर किंवा इंजिन उचलायच्या कडीवर. दुसरं बॉडीवर रंग नसलेल्या भक्कम बोल्टवर. केबल पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब बांधून ठेवा, हे विसरू नका. आता इंजिन चालू करा, हेडलाइट, ब्लोअर, सगळं लावा. काटा हलला नाही, तर निदान झालं.

मल्टिमीटर असेल तर आकडाच मिळतो. डीसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू, सगळे दिवे चालू. काळी पिन बॉडीवर, लाल पिन ब्लॉकवर. आकड्यापुढे वजाचं चिन्ह आलं तर बिचकू नका, आकडा बघा. ०.१ व्होल्ट किंवा त्याहून कमी असेल तर अर्थ ठणठणीत. ०.२ च्या वर गेला तर शोधाशोध करा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे असेल तर गाडीखाली शिरायची तयारीच करा. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवून एकदा बॉडी आणि एकदा ब्लॉक बघा, म्हणजे कुठली पट्टी गुन्हेगार ते कळेल. पिन बॅटरीच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. कित्येकदा दोष क्लॅम्प आणि खांब यांच्यामधल्या पांढऱ्या बुरशीत असतो.

हे ओहमच्या सेटिंगवर मोजू नका. मेकॅनिक मंडळी कंटिन्युइटीचा बीप ऐकून ‘अर्थ ओके’ म्हणून मोकळी होतात. पट्टीतली एक तार जिवंत असली तरी बीप वाजतो, कारण मल्टिमीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. दहा-वीस अँपिअर ओढायची वेळ आली की ती एक तार उघडी पडते. अर्थ मोजायची ती करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये.

पट्टी सापडली की आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पट्टी वरवर चांगली दिसेल, फसू नका. टोकाला जिथे तांब्याची वीण लगमध्ये, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या टोकात, दाबलेली असते तिथे वाकवून बघा. हिरवी भुकटी पडली, तारा तुटून मिशांसारख्या बाहेर आल्या किंवा लग वीणेवर डुगडुगला, तर साफ करत बसू नका, नवी जाड पट्टी टाका. बसवायच्या दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. बोल्टखाली रंग राहिला तर सगळी मेहनत वाया. दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. आधी नाही, नंतर.

समजा जंपर लावूनही काटा हललाच, तर मला चूक ठरवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि मग मीटरच्या बाजूने जाऊ. मीटरच्या मागची अर्थ तपासा. सेन्सरची वायर मॅनिफोल्डला किंवा ब्रॅकेटला कुठे घासतेय का बघा. तिथे शॉर्ट असेल तर खड्ड्यात गाडी आदळली की काटा उडतो. मीटर ठीक आहे का, हे इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून कळतं : एका वायरच्या सेन्सरची वायर काढली की बहुतेक गाड्यांत काटा ‘सी’वर यायला हवा, आणि तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवली की ‘एच’कडे निघायला हवा. निघाला की लगेच सोडा, टोकाला आदळू देऊ नका. जुने तापणाऱ्या पट्टीचे मीटर सावकाश हलतात, त्यांना थोडा जास्त वेळ द्या. काटा दोन्हीकडे असा नीट गेला तर मीटर निर्दोष आहे. सेन्सरला दोन वायरी असतील आणि तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर हा टेकवायचा प्रयोग करू नका.

एक शेवटचं. काही इंजिनांवर दोन सेन्सर असतात, दोन वायरींचा कॉम्प्युटरसाठी आणि एका वायरीचा मीटरसाठी. तुमच्या मेकॅनिकने बदलला तो नेमका कुठला, हेही विचारून घ्या.

प्रश्न : नवी पिकअप आहे. टेंपरेचरचा काटा गाडी गरम झाली की बरोब्बर मध्यावर येतो आणि तिथून तसूभरही हलत नाही. चढ असो, ट्रॅफिक असो, लोड असो. आधी मला याचं कौतुक वाटायचं. पण आता रिझर्व टाकीतलं कूलंट कमी होतंय, आणि लांबच्या चढानंतर टाकीच्या झाकणाभोवती ओल दिसते. काटा अडकलाय का?

उत्तर : अडकलेला नाही, त्याला तसंच वागायला शिकवलंय. नव्या गाड्यांत सेन्सर थेट काट्याला जोडलेला नसतो. तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला आकडा देतो, कॉम्प्युटर तो डॅशबोर्डला पाठवतो, आणि डॅशबोर्डमधला प्रोग्रॅम ठरवतो की काटा कुठे दाखवायचा. बऱ्याच कंपन्या साधारण ७५-८० पासून १०५-११० अंशांपर्यंत काटा मध्यावरच ठेवतात. कारण उघड आहे : काटा दोन रेघा हलला की गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला येऊन भांडतं. मला ही पद्धत अजिबात आवडत नाही. मध्यावरच्या काट्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नसतं, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून तुमच्यासाठी मीटर म्हणजे स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या जोडणीत) लावायचा छोटासा ॲडॅप्टर आणि फोनवरचं ॲप पुरेसं आहे. लाइव्ह डेटामध्ये कूलंट टेंपरेचर लावा. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू करायच्या आधी एकदा बघा. कूलंटचा आकडा आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा जवळजवळ सारखाच हवा, दोन-चार अंशांचा फरक चालेल. दोघांत वीस अंशांचा फरक असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय. मग गाडी चालवा आणि तोच चढ चढा, पण आकडा शेजारी बसलेल्याला वाचू द्या.

आकडा उणे ४० दाखवत असेल तर घाबरू नका, तुमची पिकअप ध्रुवावर गेलेली नाही. सेन्सरचं सर्किट तुटलंय, कपलर निघालाय किंवा पिन वाकलीय. सोबत बहुधा पी०११८ हा कोड येतो. उलट, सर्किट शॉर्ट झालं तर आकडा अचाट मोठा दिसतो आणि पी०११७ येतो. दोन वायरींचा सेन्सर काढून मल्टिमीटरवर तपासता येतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतात, पण तुमच्या मॉडेलचा तक्ता मॅन्युअलमधूनच घ्या. भांड्यात पाणी तापवत, थर्मामीटर शेजारी ठेवून मोजलंत तर उत्तम. आकडा सलग उतरत जायला हवा. मध्येच उडी मारली की तो सेन्सर टाकून द्या.

पण खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला सेन्सरपेक्षा झाकणाची काळजी वाटते. कूलिंग सिस्टिम दाबाखाली चालते. झाकणावर साधारण ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा छापलेला असतो. एक बार जादा दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याहून वर. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की हा दाब टिकत नाही. मग चढावर १०५ अंशांना, जे एरवी अगदी चालण्यासारखं आहे, कूलंट उकळून झाकणाभोवतून बाहेर येतं. आणि काटा मध्यावर, कारण त्याच्या हिशेबात १०५ म्हणजे मध्यच! झाकण बदला, तेच प्रेशरचं घ्या. इंजिन पूर्ण गार असताना कूलंट खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा नजर ठेवा.

तरीही कमी होत असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. बाहेर कुठे गळती सापडली नाही आणि गार इंजिन सुरू केल्या केल्या होज पाइप दगडासारखा टणक होत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलमधून, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. हे लांबवू नका. कूलंट सेन्सरच्या पातळीखाली गेलं तर सेन्सर वाफेत लटकतो, आणि वाफ किंवा अडकलेली हवा त्याला पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. इंजिन भाजतंय आणि काटा खाली उतरतोय, हा प्रकार खरोखर घडतो. चढावर काटा अचानक ‘सी’कडे पडला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका, गाडी थांबवा.

प्रश्न : काटा कधी पाव भागाच्या वर जातच नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की आणखी खाली येतो, गर्दीत उभं राहिलं की हळूहळू निम्म्यावर येतो. हीटर कोमट. एक मेकॅनिक म्हणतो मीटर गेला, दुसरा म्हणतो, चांगलं आहे की, गार चालतंय. थर्मोस्टॅट काढून टाकला तर आणखी गार चालेल म्हणे.

उत्तर : मीटर उत्तम आहे, अगदी प्रामाणिकपणे बोलतोय. वेगात खाली, गर्दीत वर आणि हीटर कोमट : थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावत राहा, पंखा सांभाळून. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट याच पाइपाच्या मुळाशी असतो. चांगला असेल तर पाइप बराच वेळ गारच राहतो, आणि तो उघडला की एकदम तापतो. तुमचा पाइप पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत जाईल. नवी गाडी असती तर पी०१२८ कोडही आला असता. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लोंबता धरून पाणी तापवलंत तर त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागायला हवा. तुमचा बहुधा गार पाण्यातच तोंड उघडून बसलेला दिसेल.

‘काढून टाका’ हा सल्ला ज्याने दिला त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. गार चालणारं डिझेल इंजिन जास्त डिझेल पितं, धूर काढतं, ऑइलमध्ये काजळी आणि ओलावा साठवतं आणि सिलिंडर लवकर झिजवतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचीच खालची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. तो काढला की ही वाट कायमची उघडी राहते, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, आणि भरल्या गाडीने चढ चढताना इंजिन उलट जास्त तापतं.

प्रश्न : नवा टेंपरेचर सेन्सर बसवला तेव्हापासून काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. डुप्लिकेट मिळाला का?

उत्तर : शक्य आहे, पण आधी आटे बघा. एका वायरीचा सेन्सर असेल आणि गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले असतील, तर सेन्सरची अर्थच अडली. रेझिस्टन्स वाढला, काटा खाली. टेप काढा, आटे ब्रशने साफ करा, वॉशर नवा घाला आणि कोरडाच आवळा. त्या जातीच्या सेन्सरला सीलंट लागतंच असं मॅन्युअल म्हणत असेल, तर ते फक्त मधल्या आट्यांना, अगदी पातळ.

टेप नसेल तर बसवताना सांडलेलं कूलंट पुन्हा भरलं का आणि हवा काढली का, ते विचारा. सेन्सर हवेच्या फुग्यात बसला तरी कमीच दाखवतो. गार इंजिनाचं झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीडिंगचा स्क्रू असेल तर सैल करा आणि इंजिन आयडलला सोडा. त्या स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार यायला लागली की तो आवळा, पातळी भरा आणि पाणी उकळायला लागायच्या आत झाकण लावा. हे दोन्ही करूनही काटा कमीच दाखवत असेल, तर सेन्सरवरचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून पाहा. आटे तेच, कपलर तोच, पण आतला थर्मिस्टर वेगळ्या मीटरसाठीचा, असे सेन्सर सर्रास विकले जातात.